गुहागर–विजापूर : गाव बुडालं, रस्ता राहिला

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून पोरं झोपल्यावर वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या कन्येला शनिवारच्या मराठी शाळेतून गृहपाठ मिळाला : ‘माझं गाव’. नकाशा काढायचा, गावाला जायचा रस्ता दाखवायचा आणि पाच वाक्यं लिहायची. पोरगी नऊ वर्षांची, जन्म इथला, इंग्लंडमधला. तिनं आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि टॅबवर नकाशा उघडला. आजोबा सांगत होते, कोयनानगरच्या वर जा, नदीच्या कडंकडंनं वर जा. ती बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "आजोबा, इथे तर लेक आहे!"

"कुणाची लेक?"

आम्ही सगळे हसलो. मग त्यांच्या लक्षात आलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. म्हणाले, "व्हय बाळा. तिथंच. त्या पाण्याखाली." आणि मग म्हणाले, "गाव नको काढू. रस्ता काढ. रस्ता हाय अजून."

तो रस्ता म्हणजे गुहागर–विजापूर. माझं माहेर, आजोळ, शाळा, पहिली नोकरी, सगळं या एका रस्त्यावर झालं. आई चिपळूणकडची, वडील घाटावरचे. म्हणजे लाल एसटीच्या खिडकीतून कुंभार्ली घाट किती वेळा पाहिला आणि किती वेळा पाहता पाहता ओकले, याचा हिशोब नाही. पण हा रस्ता नेमका कुठून आला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या गृहपाठामुळे विचारलं.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. अरबी समुद्रावरचं गुहागर. तिथून शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत चिपळूण. मग खेर्डी, अलोरे, शिरगाव, पोफळी, आणि कुंभार्ली घाट चढून वर हेळवाक आणि कोयनानगर. पुढे कोयना नदीचं बोट धरून पाटण, नवारस्ता, मल्हारपेठ, कराड. कराडला कृष्णा ओलांडली की हिरवं हळूहळू संपतं : कडेगाव, विटा, खानापूर, नागज, जत, आणि शेवटी कर्नाटकात विजापूर. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. कोकणातल्या धो धो पावसातून निघायचं आणि दुष्काळी माळावर पोचायचं. वर्षानुवर्षं हा राज्य महामार्ग होता. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग १६६-ई असा नंबर मिळालाय. आमच्याकडं मात्र त्याला कुणी नंबरानं ओळखत नाही. ‘चिपळूण रोड’, ‘विटा रोड’, ‘विजापूर रोड’, ज्याला जिकडं जायचंय ते नाव.

आता मला चक्रावून टाकणारी गोष्ट. या रस्त्याची दोन टोकं कुणी नकाशावर पट्टी ठेवून जोडलेली नाहीत. गुहागर तालुक्याच्या उत्तर अंगाला वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळते आणि खाडीच्या पलीकडं दाभोळ आहे. आज आपण धोपाव्याहून जंगलजेटीत गाडी चढवून दाभोळला उतरतो, फोटो काढतो आणि पुढं दापोलीला मासे खायला जातो. पण बहामनी आणि नंतर आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचं एक मोठं दार होतं. अरबस्तानातून, इराणच्या आखातातून घोडे इथं उतरायचे, कारण दख्खनच्या हवेत चांगला घोडा पैदा होत नसे आणि घोड्याशिवाय राज्य चालत नसे. हजला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसायचे. बंदर इथं आणि राजधानी विजापूरला. मध्ये सह्याद्री आडवा. मग घाट उतरायला वाटा पडणारच, आणि आपला रस्ता ढोबळमानानं त्याच जुन्या ओढीवर उभा आहे.

आखातातल्या वाचकांसाठी खास : १४७० च्या दशकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी याच दाभोळहून होर्मुझच्या दिशेनं निघाला. त्वेर हे त्याचं गाव. येताना तो एक घोडा घेऊन चौलला उतरला होता, जुन्नरवरून बीदरला गेला, काही वर्षं दख्खनमध्ये राहिला. त्याच्या टिपणांत परमुलखात आपले सण कधी आले नि कधी गेले याचा पत्ता लागत नाही, ही तगमग आहे. दिवाळीला ऑफिसात मीटिंगला बसलेल्या कुणालाही ती कळेल. परत जाताना घराच्या अलीकडंच, वाटेत तो वारला. त्वेरला पोचला नाही.

१५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं. ते पुन्हा उभं राहिलं. १५१० मध्ये गोवा आदिलशाहीच्या हातून गेलं, त्यामुळं दाभोळची गरज उलट वाढलीच. १६६० च्या सुमारास ते शिवरायांकडं आलं. या वाटांवर लक्ष ठेवायला वर किल्ले आहेत : चिपळूणजवळ गोवळकोट, घाटमाथ्याच्या रानात जंगली जयगड, पाटणच्या डोक्यावर दातेगड. दातेगडावर कातळात तलवारीच्या आकाराची विहीर खोदलेली आहे. सुट्टीत गेलात तर पोरांना जरूर दाखवा, गेमिंगवाल्या पोरांना सुद्धा आवडते, स्वानुभव आहे.

पण राजे-बंदरं राहू देत. या वाटेनं रोज खरं काय जात होतं? मीठ. सुकी मासळी, नारळ, तांदूळ वर यायचे. गूळ, मिरची, कापूस, कडधान्य खाली जायचं. हे सगळं बैलांच्या पाठीवर गोणी टाकून, लमाणांच्या तांड्यांबरोबर. गाडीचं चाक घाटात चालत नव्हतं. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि घाटाची वरची-खालची दोन्ही अंगं एका सरकारकडं आली. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई इलाख्यात बंदराकडं जाणाऱ्या प्रत्येक वाटेचं महत्त्व वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्लीतून गाडीरस्ता वाहू लागला. देशावरचा माल बैलगाड्यांनी चिपळूणला, तिथून गोवळकोटच्या धक्क्यावर, तिथून गलबतानं मुंबईला. चिपळूणची बाजारपेठ मोठी झाली ती या रस्त्यावर.

आणि बसली ती रेल्वेमुळं. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडं जाणारी लोहमार्गाची रेघ कराडवरून गेली. गूळ-कापूस घाट उतरायचा थांबला, डब्यात बसून पुण्यामार्गे जाऊ लागला. कोकणात रेल्वे यायला पुढं शंभर वर्षं लागली, १९९८ उजाडलं. चिपळूण–कराड रेल्वे जोडायची चर्चा मी लहानपणापासून ऐकतेय. अजून ऐकतेच आहे.

माल थांबला पण रस्ता रिकामा झाला नाही. आता त्यावरून माणसं जायला लागली.

पाटण खोरं म्हणजे डोंगर, पाऊस, नाचणी, आणि वर्षातले चारच महिने पुरणारं धान्य. तरणी पोरं मुंबईला जायची. गिरणीत, गोदीत, दाणाबंदरात. पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार या भागातून आणि शेजारच्या जावळीतून फार मोठ्या संख्येनं गेले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळेचे. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तेव्हा ओझं वाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा नोंद, पगाराचा हिशोब आणि भविष्यनिर्वाह निधी मिळायला लागला. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द हिणवायला वापरतात, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकला असेल, काहींनी वापरलाही असेल. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की हा माणूस घाट उतरून आलाय. आमच्या आईनंही लग्नानंतर वडिलांना कौतुकानं घाटी म्हटलं, आणि वडिलांनी तिला आयुष्यभर ‘मासळी’ म्हणून परतफेड केली.

आता धरणाकडं येते. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर, दक्षिणेकडं वाहत येते. हेळवाकला ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. आपला रस्ता घाट चढून नेमका त्या वळणावर नदीला भेटतो. इंजिनियरांच्या डोळ्यांत हीच जागा भरली. नदी इथं घाटमाथ्यावर, आणि जरा पश्चिमेला कडा सरळ कोकणात कोसळतोय. नदी अडवायची, डोंगरातून बोगदा काढायचा, पाणी पोफळीकडं खाली सोडायचं आणि त्या उंचीतून वीज काढायची. १९५० च्या दशकात देशमुखवाडीजवळ काम सुरू झालं, साठीच्या सुरुवातीला वीज मिळू लागली. आज एकूण क्षमता १९६० मेगावॅट. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला अरबी समुद्राकडं वळवलं. वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी. तुम्ही घाटात गाडी थांबवून मक्याचं कणीस खात असता, तेव्हा तुमच्या शेजारच्या डोंगरातून एक नदी उलट्या दिशेला चाललेली असते.

धरणामागं पाणी पन्नासेक किलोमीटर वर, पार तापोळ्यापर्यंत पसरलं. शिवसागर. शंभराच्या आसपास गावं त्याखाली किंवा त्याच्या काठावर विस्कटून गेली. आमचं त्यातलं एक.

वडील तेव्हा आठ वर्षांचे. ते सांगतात, कुणी आरडाओरडा केला नाही. देवळातली देवी आधी काढली. मग दारं, चौकटी, वासे. लाकूड म्हणजे पैसा होता. ती सगळी लाकडं खांद्यावरून, बैलावरून हेळवाकपर्यंत आणली आणि तिथं या रस्त्यावर ट्रक उभे होते. त्या ट्रकमध्ये बसून ते आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसले. त्यांच्या आठवणीत विस्थापन म्हणजे पहिली गाडी, पेट्रोलचा वास, आणि आजी सारखी मागं बघत होती ते.

काही कुटुंबं घाट उतरून कोकणात गेली, काही ठाण्या-रायगडकडं, काही सोलापूरकडं. आमची सांगली जिल्ह्यात, याच रस्त्यानं पूर्वेला. पावसाच्या देशातून कुसळाच्या देशात. आजोबा भातशेतीवाले. त्यांना ज्वारी कशी पेरायची हे चाळिशीत शिकावं लागलं. आजी म्हणायची, "तिकडं पाणी एवढं की घर गिळलं, आन् हितं प्यायला न्हाई." हे तिनं विनोद म्हणून सांगितलेलं नव्हतं, पण ती सांगायची आणि सगळे हसायचे.

आणि मग १९६७. ११ डिसेंबरच्या पहाटे, चार वाजून गेले होते, कोयनेत भूकंप झाला. कोयनानगर आणि भोवतालच्या गावांत पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. बहुसंख्य घरं पडली. जलाशयाच्या पाण्यामुळं असे धक्के बसू शकतात का, यावर जगभरात अभ्यास सुरू झाला, आणि आजही भूकंपशास्त्राच्या पुस्तकात कोयना असतेच. आमच्या लेकीच्या शाळेत भूगोलात भूकंप आले की मी तिला म्हणते, जपान-चिलीच्या आधी आपलं नाव घे. वडिलांच्या घरी मात्र त्या सकाळी एकच वाक्य बोललं गेलं म्हणे : बरं झालं आधीच निघालो. ज्या गोष्टीचं आयुष्यभर दुःख, तिचंच त्या दिवशी सुटका म्हणून नाव घ्यावं लागलं.

धरणाबद्दल माझं मत विचाराल तर ते सरळ नाही. मुंबईच्या दिव्यात, पुण्याच्या कारखान्यात, आपल्यातल्या कित्येकांच्या इंजिनियरिंगच्या फीमध्ये कोयनेची वीज आहे. पण ज्यांची गावं गेली त्यांतले कित्येक जण साठ वर्षांनंतरही जमिनीचे कागद घेऊन कोयनानगरला आंदोलनाला बसतात. तिसरी पिढी. आपण इथं व्हिसाच्या कागदांसाठी दोन वर्षं थांबलो तर केवढा आकांत करतो.

कराडबद्दल थोडक्यात, कारण कराडकर स्वतःबद्दल भरपूर बोलतात. एवढंच सांगते की त्याचं जुनं नाव करहाटक, आणि दोन हजार वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला देणगी देऊन दगडावर गावाचं नाव कोरून घेणाऱ्यांत तिथली माणसं आहेत. परगावी मंडळाला वर्गणी देऊन बोर्डावर नाव झळकवायची आपली हौस किती जुनी आहे बघा.

कराडच्या पुढचा रस्ता कुणी पर्यटक म्हणून जात नाही, म्हणून तो मला जास्त आवडतो. कडेगावचे मोहरमचे उंचच उंच ताबूत, ज्यांत हिंदू घराण्यांचे मान ठरलेले आहेत. आणि मग विटा. भारतात कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, कोचीन असो, अमृतसर असो, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा गलाईवाला शोधा आणि गाव विचारा. शक्यता अशी, की तो खानापूर नाहीतर आटपाडी बाजूचा निघेल. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली, भट्टी आणि मूस घेऊन. दिवाळीला, जत्रेला गाड्या भरून परत येतात, तामिळ-तेलुगू बोलणारी पोरं घेऊन. आपली एनआरआय म्हणून जी काही दुखणी आहेत, पोरं मराठी बोलत नाहीत, गावचं घर कुलपात, भावकीत जमिनीचे वाद, ती सगळी विट्याच्या लोकांनी आपल्या कितीतरी आधी भोगून झालेली आहेत.

पुढं जत. डफळ्यांचं जुनं संस्थान, मुळात आदिलशाहीतली जहागीर, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन. इथं मराठी बोलता बोलता माणूस कन्नडमध्ये जातो आणि त्याला स्वतःला कळत नाही. विजापूर जिल्हाही १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. पाण्यासाठी मेटाकुटीला आलेल्या इथल्या काही गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जायचे ठराव केले, आणि दहा वर्षांनी त्यावरून राजकारण तापलं.

आणि आता त्या पाण्याची शेवटची गोष्ट. धरणातून पूर्वेला सुटणारं कोयनेचं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत कराडला कृष्णेत येतं. कराडजवळ टेंभूला ते अडवून पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळावर सोडतात. म्हणजे ज्या वाटेनं आमची माणसं गेली, त्याच वाटेनं पुष्कळ उशिरा पाणी गेलं. पहिल्यांदा कालव्याला पाणी आलं तेव्हा आजी हयात नव्हती. वडील चप्पल काढून काठावर उभे राहिले आणि हात घातला. काकांनी विचारलं, "गार हाय का?" म्हणाले, "आपल्याकडचंच हाय."

गेल्या मे महिन्यात आम्ही चिपळूणहून हा रस्ता गाडीनं केला. घाटात खड्डे, पुढं कुठं गुळगुळीत काँक्रीट, कुठं अर्धवट खोदून ठेवलेलं. लेकीला घाट लागला, मी आईसारखीच तिच्या हातात लिंबू दिलं. चिपळूणच्या दुकानदारांनी भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. हेळवाकला वडिलांनी गाडी थांबवायला लावली. काही नव्हतं तिथं, एक टपरी आणि एसटीचा थांबा. खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, म्हणाले, "ट्रक हितं लागलेला."

गृहपाठात लेकीनं गाव काढलं नाही. ए-फोरचे तीन कागद चिकटवून आडवा रस्ता काढला. एका टोकाला समुद्र आणि घोडा, दुसऱ्या टोकाला गोल घुमट. मध्ये निळा रंग, त्यात एक दार. दार का, असं बाईंनी विचारलं. म्हणाली, घर राहिलं, दार नेलं.

ते दार आजही आमच्या सांगलीच्या घराला आहे. सागवानी, खाली उधळी लागलीय, पण आहे.

तुमच्यापैकी कुणी बामणोली, तापोळा, हेळवाक, मल्हारपेठ, खानापूर, जत बाजूचं असेल तर जरूर लिहा. विशेषतः ज्यांच्या घरी कुणी बैलावर मीठ घेऊन घाट चढलेलं, नाहीतर गोवळकोटहून गलबतानं मुंबईला गेलेलं कुणी आठवत असेल, त्यांनी. वडील मला रोज विचारतात, कुणी बोललं का म्हणून.